एक ‘मोल’, अनेक कुळे



रसायनशास्त्राच्या पुस्तकात ‘एक मोल पाणी’ हे शब्द तुम्ही वाचलेच असतील. समजा, यातील ‘मोल’ म्हणजे काय ते पाहावे म्हणून तुम्ही घरातला इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडला. स्पेलिंग अगदी सोपे आहे. एम, ओ, एल, ई अशी अवघी चार अक्षरे. शब्द चटकन सापडतो. पण त्याच्यापुढे काय लिहिलेले असते? अंगावरचा तीळ. जमीन पोखरणारा एक लहान प्राणी. बंदराच्या रक्षणासाठी समुद्रात घातलेला दगडी बांध. आता ‘एक मोल पाणी’ म्हणजे पाण्याचा एक तीळ समजायचा, की पाण्याचा एक बांध?

असे झाले की बहुतेक विद्यार्थी शब्दकोश मिटतात आणि पुस्तकातली व्याख्या पाठ करतात. व्याख्या पाठ होते. परंतु परीक्षेत प्रश्न जरा फिरवून विचारला की गाडी अडते. आपण आज उलटा मार्ग धरू. या चार अक्षरांच्या शब्दाचे कूळ शोधू. शोधता शोधता रसायनशास्त्रातला मोल कोणाच्या घरातला, हे तर कळेलच, शिवाय तो समजायला अवघड का जातो, याचाही उलगडा होईल.

सारखे रूप, वेगळी कुळे

प्रथम घरचेच उदाहरण घेऊ. ‘वर’ हा शब्द पाहा. देवाने दिलेला तो वर. लग्नातला नवरामुलगा तोही वर. आणि पुस्तक टेबलावर ठेवले, यातही वर आहेच. हे तीन अर्थ एकाच शब्दाचे आहेत काय? पहिले दोन एका घरचे आहेत. संस्कृतात ‘वृ’ म्हणजे निवडणे. जो निवडला तो वर, आणि जे निवडून मागितले तोही वर. तिसऱ्याचे घराणे मात्र निराळे. संस्कृत ‘उपरि’ या शब्दाचे प्राकृतात ‘उवरि’ झाले आणि झिजत झिजत त्याचा मराठीत ‘वर’ झाला. म्हणजे दोन ‘वर’ सख्खे भाऊ आहेत, तर तिसरा केवळ त्यांच्यासारखा दिसणारा परका माणूस आहे.

शब्दांच्या बाबतीत ही दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. कधी एकाच शब्दाला काळाच्या ओघात फांद्या फुटतात. कधी निरनिराळ्या गावांहून निघालेले शब्द झिजून झिजून योगायोगाने सारखे होतात. इंग्रजीतल्या ‘मोल’ची गोष्ट या दुसऱ्या प्रकारची आहे, पण त्यातही मध्येच एक खरे नाते लपलेले आहे. ते आपल्याला शोधून काढायचे आहे.

पहिला मोल : अंगावरचा डाग

त्वचेवरच्या तिळाला इंग्रजीत ‘मोल’ म्हणतात. हा शब्द इंग्रजीच्या अगदी जुन्या, हजार वर्षांपूर्वीच्या रूपातला आहे. त्या वेळी त्याचा उच्चार ‘माल’च्या जवळचा होता आणि अर्थ होता डाग. कापडावर पडलेला डागसुद्धा त्यात येई. इंग्रजीची बहीण भाषा जर्मन. तिच्यात आजही ‘माल’ म्हणजे खूण, आणि जन्मापासून अंगावर असलेल्या खुणेला ‘मुटरमाल’, म्हणजे आईकडून आलेली खूण, असे म्हणतात.

मराठीने येथे वेगळीच वाट धरली. काळा ठिपका तिळाच्या दाण्याएवढा दिसला म्हणून त्याला तीळ हेच नाव दिले. आपला तीळ स्वयंपाकघरातून आला, इंग्रजांचा मोल डागातून आला. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी एका जागी गोळा झाल्या की असा ठिपका दिसतो, हे विज्ञान मात्र दोन्हीकडे एकच.

दुसरा मोल : माती उडवणारा

हा प्राणी महाराष्ट्रात आढळत नाही. भारतात तो पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडील डोंगराळ भागात आढळतो. म्हणूनच मराठीत त्याला रूढ नाव नाही. काही जण त्याला ‘चिचुंद्री’ म्हणतात, पण ते बरोबर नाही. चिचुंद्री हा वेगळा प्राणी आहे. ती घरात भिंतीच्या कडेकडेने पळते. हा मोल बहुतेक सारे आयुष्य जमिनीखाली काढतो. त्याचे पुढचे पंजे फावड्यासारखे रुंद व बाहेर वळलेले असतात, डोळे अगदी बारीक असतात आणि अंगावरची लव मखमलीसारखी मऊ असते. बोगदा खणताना त्यात सापडणारी गांडुळे हे त्याचे मुख्य अन्न. खणलेली माती तो वर ढकलतो. त्यामुळे युरोपातल्या कुरणांवर जागोजाग मातीचे छोटे उंचवटे दिसतात. इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम १७०२ साली घोड्यावरून पडला, त्याचे गळपट्टीचे हाड मोडले आणि त्यातूनच पुढे त्याचा अंत झाला. त्याचा घोडा अशाच एका उंचवट्याला अडखळला होता, असे सांगतात. त्यामुळे राजाचे विरोधक पुढे ‘काळ्या मखमलीच्या बंडीतल्या छोट्या गृहस्था’च्या नावाने प्याले उंचावत!

या प्राण्याचे इंग्रजीतले एक जुने नाव होते ‘मोल्डवार्प’. त्यातल्या ‘मोल्ड’चा अर्थ माती आणि ‘वार्प’चा अर्थ फेकणे. म्हणजे ‘मातीफेक्या’! या लांब नावाचेच ‘मोल’ हे आखूड रूप असावे, असे काही भाषाअभ्यासक मानतात. काही असो, अंगावरच्या डागाशी याचा संबंध नाही.

या प्राण्यावरूनच आणखी एक अर्थ निघाला. शत्रूच्या गोटात वर्षानुवर्षे मुकाट्याने राहून आतून पोखरणाऱ्या हेराला इंग्रजीत ‘मोल’ म्हणतात. १६२२ साली फ्रान्सिस बेकनने सातव्या हेन्री राजाच्या चरित्रात हेरांच्या संदर्भात हा शब्द वापरला होता. पण तो सर्वतोमुखी झाला जॉन ले कारे या लेखकाच्या १९७४ साली निघालेल्या हेरकथेमुळे. प्राणी आणि हेर हे मात्र खरे नातलग. एकाच शब्दाला फुटलेली ही फांदी आहे.

तिसरा मोल : दगडांची रास

आता आपण आपल्या मोलाच्या जवळ येऊ लागलो आहोत. लॅटिन भाषेत ‘मोलेस’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ अवजड ढीग, प्रचंड रास. समुद्रात दगडधोंड्यांची रास ओतून जो बांध घालतात, त्याला यावरून फ्रेंचमध्ये व पुढे इंग्रजीत ‘मोल’ म्हणू लागले.

इतिहासात असे काही बांध प्रसिद्ध आहेत. इसवी सनापूर्वी ३३२ साली अलेक्झांडरने टायर या शहराला वेढा दिला. हे शहर किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर बेटावर वसलेले होते. अलेक्झांडरने दगड, माती आणि लाकूड टाकून किनाऱ्यापासून बेटापर्यंत बांधच घातला आणि शहर जिंकले. पुढे त्या बांधाभोवती वाळू साचत गेली व बेट जमिनीला कायमचे जोडले गेले. दुसरे उदाहरण अलीकडचे. १९४० साली फ्रान्समधील डंकर्क येथे अडकलेले सुमारे ३ लाख ३८ हजार दोस्त सैनिक समुद्रमार्गे सोडवण्यात आले. त्यांतील बरेच जण बंदराच्या अशाच एका लांबलचक बांधावरून जहाजांत चढले.

‘मोलेस’चे आणखी वंशज इंग्रजीत आहेत. इमारत पाडून टाकणे या अर्थाचा ‘डिमॉलिश’ हा शब्द त्यातलाच. मुळात त्याचा भाव, रचलेली रास ढासळवणे असा आहे.

रासेची लेक

आता खरी गंमत. सतराव्या शतकात युरोपातले विद्वान पदार्थ कशाचा बनला आहे, याचा विचार करीत होते. पदार्थाच्या अतिशय लहान कणाला नाव हवे होते. त्यांनी लॅटिनमधला ‘मोलेस’ घेतला आणि त्याला लहानपणा दाखवणारा प्रत्यय जोडला. शब्द तयार झाला ‘मोलेक्युला’, म्हणजे इवलीशी रास. हाच आजचा ‘मॉलिक्यूल’, ज्याला आपण मराठीत रेणू म्हणतो. आपल्या ‘रेणू’चा मूळ अर्थ धूलिकण. दोन्ही भाषांनी नजरेला दिसणाऱ्या वस्तूवरून न दिसणाऱ्या कणाला नाव दिले.

१८११ साली इटलीतील तुरीन शहरी जन्मलेल्या आमेदेओ ॲव्होगाड्रो या शास्त्रज्ञाने आपले प्रसिद्ध गृहीतक मांडले. तापमान आणि दाब सारखे असतील, तर कोणत्याही वायूच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते, असे त्याने सांगितले. ती संख्या किती, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. त्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी, १८६३ साली, तुरीनमध्ये एका उत्तुंग इमारतीचे काम सुरू झाले. आलेस्सांद्रो आन्तोनेल्ली या वास्तुशिल्पज्ञाने उभारलेल्या आणि १८८९ साली पुऱ्या झालेल्या या इमारतीची उंची सुमारे १६७ मीटर आहे. तिचे नाव ‘मोले आन्तोनेल्लियाना’, आणि तुरीनचे लोक तिला नुसते ‘मोले’ म्हणतात. हा ‘मोले’ही त्याच लॅटिन ‘मोलेस’चा वंशज. ज्या शहराने रेणूंचा हिशेब जगाला दिला, त्याच शहरावर दगडविटांचा एक प्रचंड ‘मोल’ उभा आहे, हा योगायोग मोठा मनोहर आहे.

शेवटी आपला मोल

रसायनशास्त्रज्ञांना वजन करून पदार्थ घ्यावे लागतात. पाण्याचा रेणुभार १८. म्हणून १८ ग्रॅम पाणी हे त्यांच्या हिशेबाचे एक सोयीचे माप. याला ‘ग्रॅम-रेणू’ म्हणत. विल्हेल्म ओस्टवाल्ड या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९० नंतरच्या दशकात जर्मन ‘मोलेक्यूल’ हा शब्द छाटून ‘मोल’ असे सुटसुटीत नाव दिले. लवकरच ते इंग्रजीत आले, शेवटी ‘ई’ लागला, आणि तीळ, प्राणी व बांध यांच्या रांगेत आणखी एक मोल येऊन उभा राहिला.

म्हणजे नाते असे आहे : रसायनशास्त्राचा मोल हा रेणूचा अपत्य, रेणू ही रासेची लेक, आणि बंदराचा बांध हा त्याच रासेचा मुलगा. तीळ व प्राणी यांच्याशी त्याचे काही नाते नाही. बांधाला मात्र तो मामा म्हणू शकेल.

पण ओस्टवाल्डची एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. त्या काळी अणू खरोखर असतात यावर त्याचा विश्वास नव्हता. अणूंची कल्पना न वापरता, वजनांच्या आधारेच रसायनशास्त्र उभे करता येईल, असे त्याला वाटे. त्यामुळे त्याच्या दृष्टीने मोल म्हणजे ग्रॅममध्ये मोजलेले ठरावीक वजन. मोजण्याजोग्या कणांची संख्या नव्हे. ज्या शब्दाच्या नावातच रेणू लपलेला, त्या शब्दाच्या जनकाला रेणूच मान्य नसावा!

पुढे १९०५ साली आइन्स्टाइनने द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या थरथरीचे गणित मांडले आणि १९०८ पासून झां पेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे प्रयोग केले. एका मोलात किती रेणू असतात, हे त्याने काढले आणि १९०९ साली त्या संख्येला ॲव्होगाड्रोचे नाव सुचवले. अशा पुराव्यांपुढे ओस्टवाल्डनेही आपले मत बदलले. पेरँला १९२६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

वजन की मोजदाद?

आता आपल्या मूळ अडचणीकडे वळू. मोल म्हणजे वजन की संख्या? पाठ केलेल्या व्याख्येत ही गल्लत राहून जाते, कारण शब्दाच्या इतिहासातच ती होती. एक उदाहरण सोडवून पाहू.

हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग होऊन पाणी बनते. २ मोल हायड्रोजन आणि १ मोल ऑक्सिजन यांपासून २ मोल पाणी मिळते. वजन पाहा : हायड्रोजन ४ ग्रॅम, ऑक्सिजन ३२ ग्रॅम, पाणी ३६ ग्रॅम. वजनाचा हिशेब चोख जुळतो. आता मोल मोजा. आधी २ आणि १ मिळून ३ मोल होते. नंतर उरले २ मोल. एक मोल गेला कोठे?

कोठेही गेला नाही. मोल हे वजन असते, तर ते नाहीसे होणे शक्यच नव्हते. पण मोल ही रेणूंची मोजदाद आहे. हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू यांची मोडतोड होऊन पाण्याचे दोन रेणू बनले. अणू तितकेच राहिले, वजन तितकेच राहिले, गट मात्र तिनाचे दोन झाले. डझनभर अंडी आणि डझनभर कलिंगडे यांची संख्या सारखी, वजन वेगळे. तसेच १ मोल हायड्रोजन २ ग्रॅम, तर १ मोल ऑक्सिजन ३२ ग्रॅम.

आपल्या शब्दात सांगायचे तर मोल म्हणजे रास. पण खळ्यावरची वाटेल तेवढी रास नव्हे, दाणे मोजून केलेली रास. आणि मराठीची गंमत पाहा. धान्याच्या ढिगाला आपण रास म्हणतो आणि भौतिकशास्त्रात मोजता येणाऱ्या गोष्टीला ‘राशी’ म्हणतो. ढिगापासून मोजमापापर्यंतचा जो प्रवास लॅटिन ‘मोलेस’ने केला, तोच आपल्या ‘राशी’नेही केला.

शास्त्रज्ञांनाही हा प्रवास पुरा करायला वेळ लागला. १९७१ साली मोलाला आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीत मूलभूत एककाचे स्थान मिळाले, तेव्हा त्याची व्याख्या वजनाला बांधलेली होती : १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू, तितके कण असलेली राशी म्हणजे एक मोल. नोव्हेंबर २०१८ मध्ये ही व्याख्या बदलायचे ठरले आणि २० मे २०१९ पासून नवी व्याख्या लागू झाली. आता मोल म्हणजे एक ठरलेली संख्या आहे : ६०,२२,१४,०७६ आणि त्यापुढे १५ शून्ये. म्हणजेच सुमारे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. व्यवहारात १२ ग्रॅम कार्बन-१२ चा हिशेब पूर्वीसारखाच राहिला. पण व्याख्येपुरता मोल वजनाच्या हातून सुटला आणि निखळ मोजदाद झाला.

ही संख्या केवढी? १८ ग्रॅम पाणी म्हणजे मोठ्या चमच्यापेक्षा थोडेसे जास्त. त्यातले रेणू मोजायला पृथ्वीवरची सुमारे ८०० कोटी माणसे बसली आणि प्रत्येकाने न थांबता दर सेकंदाला एक रेणू मोजला, तरी मोजणी पुरी व्हायला सुमारे २४ लाख वर्षे लागतील!

काही तोतये

जाता जाता काही फसव्या शब्दांची ओळख करून घेऊ. द्रावणाबद्दल बोलताना ‘मोलर’ हा शब्द येतो, आणि दातांच्या डॉक्टरांकडे दाढेलाही ‘मोलर’ म्हणतात. दाढेचा मोलर आला लॅटिन ‘मोला’वरून. मोला म्हणजे जाते. जी अन्न दळते ती दाढ, हे नाव किती समर्पक! जात्याच्या तळीसारखा गोल दिसणारा एक प्रचंड समुद्री मासा आहे. त्याचे शास्त्रीय नावही ‘मोला मोला’ असेच आहे. मेक्सिकोत ‘मोले’ नावाचे दाट कालवण करतात. चार अक्षरे तीच, पण शब्द तेथल्या नाहुआत्ल भाषेतला. आणि आपले मराठी ‘मोल’? ते तर संस्कृत ‘मूल्य’ झिजून झालेले. अनमोल, मातीमोल, मोलमजुरी, मोलकरीण हे सारे त्याच घरातले.

करून पाहा

शब्दाची कुळे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. मोठा इंग्रजी शब्दकोश घ्या. वेगळ्या कुळांचे शब्द त्यात बहुधा वेगवेगळ्या नोंदींत, एक, दोन, तीन असे क्रमांक घालून दिलेले असतात. एकाच शब्दाच्या फांद्या एकाच नोंदीत असतात. आता ‘सेल’ शोधा. तुरुंगातली कोठडी, विजेचा घट आणि सजीवांची पेशी, हे तिन्ही अर्थ एकाच नोंदीत सापडतील. सगळ्यांचे मूळ लॅटिनमधली ‘लहान खोली’. १६६५ साली रॉबर्ट हुकने बुचाच्या कापाचे सूक्ष्मदर्शकातून निरीक्षण करून त्यातल्या कप्प्यांना हे नाव दिले. मग ‘बार’ शोधा. लोखंडाची कांब, वकिलांचा बार आणि वायूचा दाब मोजण्याचे एकक ‘बार’, यांपैकी सख्खे कोण आणि परका कोण? ‘बॅरोमीटर’ हा शब्द जवळ ठेवलात, तर उत्तर लगेच सापडेल.

शिक्षकांनाही एक सुचवावेसे वाटते. मोलाचा पाठ सुरू करताना फळ्यावर व्याख्या लिहिण्याआधी एका वाटीत मोजून शंभर शेंगदाणे आणि दुसरीत मोजून शंभर ज्वारीचे दाणे ठेवा, आणि विचारा : यांत सारखे काय आहे? विद्यार्थी आधी वाट्यांच्या वजनाकडे पाहतील, मग दाणे मोजू लागतील. ओस्टवाल्डपासून २०१९ पर्यंत शास्त्रज्ञांनी जो रस्ता चालला, तो त्या दोन वाट्यांपुढे त्यांना पाच मिनिटांत चालता येईल.